'स्टार ट्रेक' बघायचंय : वॉशिंग्टन, सिएटल की टिकॉन्डेरोगा?

'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा टीव्ही मालिकेतल्या अस्सल वस्तू डोळ्यांनी बघायच्यात, की तिच्यातल्या कॅप्टन कर्कच्या खुर्चीत बसून फोटो काढायचाय? हे आधी ठरवा, कारण अमेरिकेत या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळत नाहीत.

अस्सलचा मान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई व अंतराळ संग्रहालयाचा. १९६६ ते १९६९ च्या मूळ मालिकेत पडद्यावर दिसलेलं 'एंटरप्राइझ' यान, म्हणजे चित्रीकरणाचं मॉडेल, १९७४ पासून त्यांच्याकडे आहे. लांबी ११ फुटांहून जास्त, वजन साधारण ९० किलो; लाकूड, प्लास्टिक आणि पत्र्याचं काम. २०१६ मध्ये ते नव्याने दुरुस्त करून मांडलं गेलं. समोरून बघून लगेच पुढे सरकू नका. कॅमेरा असायचा उजव्या बाजूला, म्हणून सगळी सजावटही तिकडेच. डाव्या अंगाने दिव्यांच्या वायरी आत शिरतात आणि तिथे बारीक काम जवळपास नाहीच. पैसे कुठे वाचवले, ते इथे उघड दिसतं. प्रवेश फुकट, पण वेळेचा पास आधी काढावा लागतो.

टिकॉन्डेरोगा हे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडचं छोटं गाव. तिथे मालिकेचे सेट आहेत, पण जवळजवळ सगळं नक्कल आहे, आणि तरी मला तेच सर्वांत आवडतं. जेम्स कॉली हा गायक एल्व्हिस प्रेस्लीची नक्कल करणारा कलाकार. मूळ मालिकेचे वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांच्याकडून त्याला सेटचे आराखडे मिळाले. त्यावरून त्याने ब्रिज (यानाचा नियंत्रण कक्ष), ट्रान्सपोर्टर (माणसांना क्षणात दुसरीकडे पोहोचवणारं यंत्र), दवाखाना, मार्गिका असं सगळं उभं केलं. आधी ते चाहत्यांनी केलेल्या भागांसाठी होतं. २०१६ पासून हक्कधारकांच्या परवान्याने लोकांसाठी खुलं झालं. गाइड फिरवतो, खुर्चीत बसता येतं. तिकीट आहे, आणि खरी अडचण प्रवासाची : न्यूयॉर्क शहरातून गाडीने चार-पाच तास, त्यामुळे एका दिवसात जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला येतो.

सिएटलचं 'मोपॉप', म्हणजे पॉप संस्कृतीचं संग्रहालय, कपड्यांच्या शौकिनांसाठी. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या संग्रहालयाचा विज्ञानकथा विभाग २००४ चा. २०१६ मध्ये मालिकेच्या पन्नाशीनिमित्त तिथे शंभरावर वस्तूंचं प्रदर्शन भरलं आणि नंतर ते इतर शहरांत फिरलं. असे कपडे जवळून बघण्यात मजा आहे. कर्कचा टीव्हीवर सोनेरी दिसणारा शर्ट मुळात हिरवट होता; दिवे आणि फिल्म यांनी त्याचा रंग बदलला. पहिल्या दोन सीझनचं मखमली कापड ड्रायक्लीनला दिलं की आटायचं, म्हणून तिसऱ्या सीझनला कापडच बदललं. पण मोपॉपची मांडणी बदलत असते. आज काय ठेवलंय ते वेबसाइटवर बघूनच जा. नुसत्या 'स्टार ट्रेक'साठी मी सिएटलचं विमान पकडणार नाही. मुलगा-सून तिथेच नोकरीला असतील तर गोष्ट वेगळी, एक दुपार छान जाते.

सोबत मालिकेचा गंधही नसलेली मंडळी असतील तर वॉशिंग्टनच घ्या. तिथे राइट बंधूंचं विमान आणि अपोलो ११ चं यानही त्याच संग्रहालयाचं, त्यामुळे कुणाची कुरकुर होणार नाही. शिवाय मालिकेतल्या अधिकारी उहुराचा, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्सचा, लाल गणवेश जवळच्याच आफ्रिकन अमेरिकन इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे. तिथला प्रवेशही फुकट, पण पास वेगळा काढावा लागतो.