मागच्या अ‍ॅक्सलची बेअरिंग बदलून आठ महिने: काय टिकलं, काय नाही

आधी निकाल. एटीव्हीच्या (खडबडीत वाटांवरच्या चारचाकी बाईकच्या) मागच्या अ‍ॅक्सलला ६००८-२आरएस (दोन्ही बाजूंना रबर सील असलेल्या) बेअरिंगची जोडी, नवी ऑइल सील आणि कॅल्शियम सल्फोनेटचं वॉटरप्रूफ ग्रीस असं सगळं नव्यानं बसवून आठ महिने झाले. चिखल, ओढे, दर आठवड्याची धुलाई, काहीच टळलं नाही. ब्रेककडचं बेअरिंग अजून बसवलं त्या दिवसासारखं फिरतं. चेनकडच्या बेअरिंगमध्ये मात्र बोटाला जाणवेल इतकी खरखर आली आहे. दोन्ही बेअरिंग एकाच मेकची, ग्रीस एकाच डब्यातलं. मोठा फरक हा की चेनकडच्या बेअरिंगचं आतल्या बाजूचं रबर सील मुद्दाम काढून टाकलं होतं, हाऊसिंगवरच्या निपलमधून (ग्रीस भरायच्या तोटीतून) मारलेलं ग्रीस छर्‍यांपर्यंत पोचावं म्हणून. हा सल्ला सर्रास दिला जातो. आठ महिन्यांनंतरचं मत: देऊ नये.

कारण हिशेबात आहे. दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसरची नळी असते आणि तिच्याभोवती पोकळी. हाऊसिंगचं (बेअरिंग ज्यात बसतात त्या नळकांड्याचं) भोक ६० मिमी, नळीचा बाहेरचा व्यास ४८ मिमी आणि मधली लांबी १५० मिमी धरली, तर पोकळी साधारण १५० घन सेंमी भरते. ग्रीस गनच्या एका दाबात जेमतेम ग्रॅमभर ग्रीस येतं. म्हणजे दर महिन्याला "दहा दाब मारले" म्हणणार्‍याचं ग्रीस वर्षभर नुसती पोकळीच भरत राहतं, बेअरिंगपर्यंत जातच नाही. पोकळी गच्च भरली आणि तरी दाबत राहिलं, तर पहिलं बाहेर येतं ते ऑइल सील. निपल आहे म्हणून वंगण होतंय, हा या रचनेतला सगळ्यात मोठा भ्रम.

पोकळीत पाणी मात्र सहज पोचतं. गाडी पळून हाऊसिंग तापतं, आतली हवा फुगते. तशीच ओढ्यात घातली की हवा एकदम आकसते आणि सीलच्या ओठाखालून पाणी ओढून घेते. दुसरी वाट अ‍ॅक्सल आणि बेअरिंगची आतली रेस (पोलादी कडी) यांच्यामधल्या बारीक फटीतून स्पेसरच्या नळीत, आणि तिथून पोकळीत. ही वाट अडवायला हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) आत ओ-रिंग (रबरी कडी) असते. ती जुनीच ठेवणं किंवा विसरणं ही नेहमीची चूक. पोकळीतलं ग्रीस ताकासारखं पांढुरकं झालं की पाणी मिसळलं असं समजावं. इथं तेच झालं. आतलं सील काढलेल्या बेअरिंगमध्ये ते ताक शिरलं, सील असलेलं वाचलं. चेनकडच्या बेअरिंगवर चेनचा ताण जास्त असतो हे खरं, म्हणून तुलना अगदी काटेकोर नाही. पण नुसत्या ताणानं ग्रीस पांढरं होत नाही.

बेअरिंग घेताना गाडीच्या नावावर जाऊ नका, जुन्याच्या कडेवर कोरलेला नंबर वाचा आणि व्हर्नियर लावून खात्री करा. ६००८ म्हणजे आतला व्यास ४०, बाहेरचा ६८, जाडी १५ मिमी. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की आतला व्यास मिळतो. त्याच न्यायानं ६००७ हे ३५ × ६२ × १४. मागे २आरएस हवंच. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, ती धूळ अडवतात, पाणी नाही.

बेअरिंग गेलं की नाही हे तपासताना बरेच जण फसतात. मागची बाजू उचलून चाक वर-खाली धरून हलवा, पण नजर चाकावर नको, अ‍ॅक्सल आणि हाऊसिंगच्या सांध्यावर हवी. तिथं हालचाल नसेल आणि चाक तरी हलत असेल, तर दोष हबच्या स्प्लाइनचा (अ‍ॅक्सलशी जुळणार्‍या दात्यांचा). सगळं हाऊसिंगच हलत असेल तर स्विंगआर्मच्या (मागचा अ‍ॅक्सल धरणार्‍या हलत्या दांड्याच्या) पिव्होटचा. आणखी एक खूण म्हणजे खडबडीत रस्त्यानंतर ब्रेक पहिल्या दाबाला खोल जातो आणि दुसर्‍याला नीट लागतो. ढिल्या अ‍ॅक्सलमुळे डिस्क डोलते आणि पॅड मागे ढकलले जातात. लोक ब्रेकमधली हवा काढत बसतात.

खोलण्याबद्दल थोडक्यात. अ‍ॅक्सलचे मोठे नट चाकं जमिनीवर असताना, कोणीतरी ब्रेक दाबून धरलेला असताना सैल करा. जोडनट (एकावर एक आवळलेले दोन नट) बहुधा थ्रेड लॉकरनं (आट्यांच्या गोंदानं) चिकटवलेले असतात. हॉट एअर गननं तापवल्याशिवाय जोर लावला तर आटे जातात. अ‍ॅक्सल ठोकून काढायचा झाल्यास टोकावर जुना नट कडेला समपातळीत लावा, वर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि जड हातोड्याचे मोजके घाव घाला. हलक्या हातोडीनं पन्नास वेळा ठोकलं की टोक फुलतं आणि मग नट चढत नाही. जुनं बेअरिंग काढायला स्पेसर एका बाजूला सरकवून पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रेसवर पंच लावायचा, समोरासमोर आलटून पालटून. काढलेलं बेअरिंग पुन्हा बसवायचं नसतं, छर्‍यांचे वण रेसवर उठलेले असतात.

आता घर, म्हणजे हाऊसिंगमधली बेअरिंग बसायची जागा, बघा. नवं बेअरिंग हातानं आत सरकलं, तर बाहेरची रेस घरात फिरून घर झिजलेलं आहे. पंच मारून कडा उठवणं ही शुद्ध फसवणूक आहे. रिटेनिंग कंपाउंडवर (बेअरिंग घरात चिकटवणार्‍या गोंदावर) काही दिवस निभतं, खरा उपाय नवं हाऊसिंग. अ‍ॅक्सलही दोन्ही टोकांना टेकवून डायल गेजखाली फिरवा. वाकडा अ‍ॅक्सल कितीही महागडी बेअरिंग खातो.

बसवताना ठोकाठोकीपेक्षा तापमानावर विसंबा. हाऊसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर ६८ मिमीचं घर ८० अंशांनी तापल्यावर जवळजवळ ०.१२ मिमी मोठं होतं. बेअरिंग दोन तास फ्रीझरमध्ये, हाऊसिंग १०० अंशांच्या आसपास (पाण्याचा थेंब चुर्र करून उडाला पाहिजे), आणि बेअरिंग जवळजवळ स्वतःच्या वजनानं बसतं. बेअरिंग तापवू नका, त्याचं रबर आणि ग्रीस दोन्ही बिघडतं. फ्रीझरमधून काढल्यावर त्यावर दव धरतं, ते लगेच पुसा. ठोकावंच लागलं तर बाहेरच्या रेसएवढ्या सॉकेटनं.

मग सगळ्यात नाजूक टप्पा. पहिलं बेअरिंग घराच्या आतल्या खांद्याला टेकेपर्यंत, नंतर स्पेसर, नंतर दुसरं बेअरिंग, पण फक्त आतली रेस स्पेसरला टेकेपर्यंतच. इथं एक घाव जास्त पडला की दोन्ही बेअरिंग आडव्या दाबाखाली येतात, आणि मग ती किलोमीटर नाही, दिवस मोजतात. स्पेसर बोटानं ढकलल्यावर किंचित घट्ट सरकला पाहिजे: खुळखुळला तर अंतर राहिलं, जागचा हललाच नाही तर दाब बसला. स्पेसर विसरला किंवा टोकाला झिजून आखूड झालेला बसवला, तर नट आवळताना आतल्या रेसा एकमेकींकडे ओढल्या जातात, परिणाम तोच.

ग्रीसचं प्रमाण. नव्या सीलबंद बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या साधारण तिसरा हिस्सा ग्रीस असतं. जास्त भरलं तर घुसळून तापतं, हा नियम मोटरसाठी ठीक आहे. इथं २० इंची टायरला ताशी ६० किमी वेगात अ‍ॅक्सल मिनिटाला जेमतेम सव्वासहाशे फेरे घेतो. त्यामुळे पातळ पात्यानं रबर सील हलकेच उचलून निम्म्याहून थोडं जास्त भरलेलं चालतं, आणि पाण्याला जागाही उरत नाही. मात्र मूळ ग्रीस कुठल्या जातीचं आहे ते माहीत नसताना वर दुसरं थापू नका. पॉलियुरिया आणि लिथियम एकत्र आले की बर्‍याचदा पातळ होऊन वाहतात. एक तर मूळचं तसंच ठेवा, नाहीतर पूर्ण धुऊन, वाळवून (हवेच्या झोतानं गरगर न फिरवता) नवं भरा. घट्टपणा एनएलजीआय २ (डब्यावर लिहिलेली घट्टपणाची श्रेणी). मॉलीवालं (मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं) ग्रीस हबच्या स्प्लाइनला ठेवा. पोकळीत स्पेसरवर आणि भिंतीवर जाडसर थर पुरतो, त्याचं काम गंज अडवणं.

ऑइल सीलचा ओठ अ‍ॅक्सलवरच्या ज्या कॉलरवर (कडीवर) घासतो तिथं नख अडकेल अशी खाच पडली असेल, तर नवं सीलही गळणारच. कॉलर बदला, किंवा जागा असेल तर सील एक-दीड मिलिमीटर सरकवून बसवा. चेनकडे ही खाच होती आणि "चालेल" म्हणून सोडली, त्याची किंमत वर लिहिली आहे.

नटाचा टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच. पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा आणि नटावरून अ‍ॅक्सलवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की नट सरकला. सैल नटानं आतली रेस अ‍ॅक्सलवर फिरू लागते आणि मग अ‍ॅक्सलच बारीक होतो.

चेनकडचं बेअरिंग आता पुन्हा निघेल. या वेळी दोन्ही सील जागेवर, नवी कॉलर आणि नवी ओ-रिंग. धुताना प्रेशरचा फवारा हबवर नाही, आणि तापलेली गाडी पाण्यात घालण्याआधी पाच-दहा मिनिटं काठावर उभी.