दोन केबिनमधले दार: मोठ्या कुटुंबासह केलेल्या क्रूझचा वापरानंतरचा अनुभव

बुकिंग होऊन बरेच महिने उलटल्यावर क्रूझ कंपनीचा एक ईमेल आला. आमच्या केबिनपैकी एकीला वरच्या डेकवर मोफत अपग्रेड मिळाल्याचे त्यात अभिनंदनासह कळवले होते. कंपनीच्या दृष्टीने ती भेट होती. आमच्या दृष्टीने मात्र सगळी आखणीच कोलमडली होती, कारण त्या दोन केबिन आम्ही केवळ त्यांच्यामधल्या दारासाठी घेतल्या होत्या. त्या दारासाठी कंपनीशी घातलेला वाद, मग दारासह झालेला प्रवास आणि त्यानंतर दुसऱ्या जहाजावर दाराविना केलेला छोटा प्रवास, असे तिन्ही अनुभव आता पदरी आहेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे. जहाजावर काय काय सोयी असतात, हे वाचकांना ठाऊक आहे असे धरून चालते.

आमच्यात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि आमची दोन मुले, दीर-जाऊ आणि त्यांचा वयात आलेला मुलगा, शिवाय एकटी प्रवास करणारी नणंद, असा गोतावळा होता. धाकटा अजून दुपारी झोपणाऱ्या वयाचा आहे. चार माणसांची केबिन म्हणून जी विकली जाते, तिच्यात खाली दोन पलंग आणि वरती छतातून खाली येणारे दोन बर्थ असतात. बर्थ खाली घेतले की शिडी लावायची आणि उभे राहायलाही जागा उरत नाही. मूल झोपले की मोठ्यांनी अंधारात मोबाइलच्या उजेडात बसून राहायचे. दोन केबिनमध्ये दार असले की एक खोली अंधारी आणि शांत ठेवता येते, दुसरीत गप्पा चालू राहतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्नानगृहे दोन मिळतात. अनेक जहाजांवर अशा दोन साध्या केबिनचे एकत्रित भाडे त्याच जहाजावरच्या मोठ्या फॅमिली सुइटपेक्षा कमी पडते. पैसा मोजून वापरणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब बुकिंगच्या पहिल्याच दिवशी मांडून पाहावा.

इथे एक गोष्ट बारकाईने सांगते, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. ‘शेजारच्या’ केबिन आणि ‘आतून जोडलेल्या’ केबिन या पूर्णपणे वेगळ्या आहेत. फोनवरचा कर्मचारी दोन्हींना सर्रास जोडकेबिन म्हणतो. जहाजाच्या डेक प्लॅनवर आतून दार असलेल्या जोड्यांमध्ये छोटे चिन्ह असते. ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, दोन्ही केबिनचे क्रमांक बुकिंगच्या कागदावर लिहून घ्यावेत आणि ‘अपग्रेड नको’ अशी नोंदही करून घ्यावी. ही नोंद बऱ्याच कंपन्या करून देतात, पण आपण मागितल्याशिवाय कोणी सुचवत नाही. ‘गॅरंटी’ या नावाने जे स्वस्त भाडे मिळते, त्यात केबिनचा प्रकार ठरलेला असतो आणि क्रमांक कंपनी नंतर देते. दोघांनाच जायचे असेल तर ते उत्तम आहे. मुले आणि वडीलधारी सोबत असताना ते घेऊ नये.

आमच्या कागदावर क्रमांक होते, तरीही ते बदलले गेले. फोनवर उत्तर मिळाले, “मॅडम, वरच्या डेकची केबिन महाग असते, तुमचा फायदाच झाला आहे.” हे वाक्य मी इतक्या वेगवेगळ्या आवाजांत ऐकले की पुढे फोन लावण्याचीच चीड येऊ लागली. सासूबाईंना बोट लागते. जहाज डोलते तेव्हा मध्यभागी आणि खालच्या डेकवर हालचाल कमी जाणवते, आणि जितके वर व टोकाकडे जावे तितकी ती वाढते. त्यांच्यासाठी खालची, मधली केबिन मुद्दाम निवडली होती. म्हणजे कंपनीने मोठ्या कौतुकाने दिलेली केबिन त्यांच्यासाठी आधीच्या केबिनपेक्षा वाईटच होती, शिवाय नातवंडांपासून कित्येक डेक दूर.

हे मत मी तेव्हाच लिहून टाकले असते, तर ते एकतर्फी झाले असते. वाद वरच्या पातळीवर गेल्यावर, जुनी केबिन परत का देता येत नाही, याचे नीट कारण एका कर्मचाऱ्याने पहिल्यांदाच सांगितले. केबिनमध्ये बर्थ चार असले, म्हणून त्यात चार माणसे घालता येतातच असे नसते. जहाजावरच्या प्रत्येकासाठी बचावनौकेत किंवा तराफ्यात जागा असलीच पाहिजे, आणि ती जागा केबिनच्या विभागानुसार ठरलेल्या मस्टर स्टेशनशी, म्हणजे संकटात जमण्याच्या ठिकाणाशी, बांधलेली असते. एखाद्या विभागात तिसरे-चौथे प्रवासी जास्त झाले की संगणक त्या विभागात आणखी माणूस घेत नाही, मग केबिन रिकामी दिसत असली तरी. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याची १९७४ ची आवृत्ती सुधारणांसह आजही लागू आहे, आणि ही शिस्त तिथून आलेली आहे. हे कळल्यावर नकाराबद्दलचा माझा राग ओसरला. न विचारता केबिन बदलल्याचा राग मात्र तसाच राहिला. शेवटी दीर-जावांनी आपली केबिन सोडून स्वस्त प्रकारातली घेतली, तेव्हा कुठे आमचे दार परत मिळाले.

प्रत्यक्ष जहाजावर ते दार कुलूपबंद असते. केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगितले की तो किल्ली आणून उघडून देतो, आणि उघडे राहावे म्हणून भिंतीला अडकवूनही देतो. केबिनच्या भिंती पोलादी असल्यामुळे त्यांना चुंबक चिकटतो. आम्ही नेलेले चुंबकी हुक टोप्या, ओले पोहण्याचे कपडे आणि सगळ्यांची दिवसाची वेळापत्रके लावायला रोज उपयोगी पडले. एक अडचण आधी कोणी सांगितली नव्हती. दार आमच्याच खोलीत उघडत होते, आणि ते पूर्ण उघडले की बाळाच्या पाळण्याला जागा उरत नव्हती. पाळणा पलीकडच्या खोलीत हलवला आणि सासऱ्यांनी स्वतःहून त्या कोपऱ्याचा ताबा घेतला. ते पहाटे उठतात. धाकटाही पहाटे उठतो. दोघे बाल्कनीच्या काचेशी बसून बंदर जवळ येताना पाहत, आणि आम्हाला लग्नानंतर क्वचितच मिळालेली सकाळची झोप मिळत असे.

दार मुलांसाठी हवे, अशी माझी आधीची समजूत होती. वापरात त्याचा जास्त उपयोग सासूबाईंना झाला. समुद्र खवळलेला होता त्या रात्री त्यांना मळमळू लागले, तेव्हा त्यांनी फोन शोधला नाही की कॉरिडॉरमध्ये आल्या नाहीत. नुसती हाक मारली. मोठ्या वयाच्या माणसाला रात्री आपले माणूस हाकेच्या अंतरावर आहे ही खात्री किती लागते, हे मला त्या रात्री दिसले. दाराचा तोटाही लिहिते: त्यातून आवाज आरपार जातो. पलीकडे आपली माणसे नसतील तर असली केबिन मुळीच घेऊ नये.

त्यानंतरच्या छोट्या प्रवासात खर्च कमी करायचा म्हणून आम्ही बाल्कनीची एक केबिन आणि कॉरिडॉरपलीकडे समोरासमोर बिनखिडकीची केबिन, अशी जोडी घेतली. भाड्यात मोठी बचत झाली. बिनखिडकीच्या खोलीत दिवे मालवले की मिट्ट काळोख होतो, त्यामुळे धाकटा सकाळी उशिरापर्यंत झोपला. हा लाभ अनपेक्षित होता. पण केबिनची दारे आगप्रतिबंधक, जड आणि आपोआप बंद होणारी असतात. लहान मुलाची बोटे त्यात सापडायला क्षण पुरतो, आणि रात्री एका खोलीतून दुसरीकडे जाताना कार्ड विसरले की बाहेरच अडकायला होते. या दुसऱ्या अनुभवाने माझे मत बदलले आहे. पाच वर्षांखालचे मूल किंवा रात्री मदत लागणारे वडीलधारे सोबत असतील, तर आतल्या दारासाठी जास्तीचे पैसे मोजावेत. शाळकरी आणि मोठी मुले असतील, तर समोरची स्वस्त केबिनच बरी. दिराच्या मुलाला तर दार मुळीच नको होते, आणि त्याचे बरोबर होते.

नणंदेचा प्रश्न वेगळा होता. क्रूझचे भाडे एका केबिनमध्ये दोघे जण धरून ठरते, त्यामुळे एकट्या माणसाला बऱ्याचदा जवळजवळ दुप्पट मोजावे लागते. तिच्या केबिनमध्ये आमच्या मुलीचे नाव घातल्याने तो भुर्दंड टळला. बहुतेक कंपन्यांना बुकिंगच्या कागदावर प्रत्येक केबिनमध्ये एक प्रौढ लागतो, ती अटही यात पूर्ण होते. झोपायला कोण कुठे, हे नंतर घरातल्या घरात ठरवता येते आणि चौकशी कक्षावर जादा कार्डे मिळतात. मात्र कार्डावर छापलेले मस्टर स्टेशन कागदावरच्या केबिनप्रमाणे असते. केबिन दूर असतील तर आई एका स्टेशनवर आणि मूल दुसऱ्या, असे होऊ शकते. संकटाच्या वेळी बालकक्षातली मुले पालकांकडे कशी पोहोचवली जातात, याची पद्धत कंपनीनुसार बदलते. पहिल्याच दिवशी विचारून ती घरातल्या प्रत्येकाला सांगावी. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज कलंडले, तेव्हा आधीच्या बंदरावर नुकत्याच चढलेल्या प्रवाशांचा संकटात जमण्याचा सराव झालेला नव्हता. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सराव घेणे २०१५ पासून बंधनकारक आहे. त्या वेळी मुलांना घेऊन पोहण्याच्या तलावाकडे पळू नये.

बाकीचे थोडक्यात सांगते. बाळ सहा महिन्यांचे झाल्याशिवाय बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांब प्रवासासाठी ही मर्यादा बारा महिन्यांची असते; गर्भवतीला सहसा चोविसावा आठवडा लागल्यावर प्रवेश नसतो. घरात बाळंतपण जवळ आले असेल तर तारीख ठरवण्यापूर्वीच हे पाहावे. बालकक्ष बहुधा तीन वर्षांपुढच्या आणि डायपर सुटलेल्या मुलांसाठी असतो. पोहण्याच्या तलावातही डायपर चालत नाही, पोहण्याचे खास डायपर असले तरी. त्यामुळे धाकट्यासाठी लहान मुलांचे पाण्याचे अंगण वेगळे आहे का, ते जहाज निवडतानाच तपासावे. काही बंदरांवर मोठे जहाज धक्क्याला लागत नाही आणि छोट्या टेंडर बोटीने उतरावे लागते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना तिथे उतरता येईलच असे नाही. पोटाच्या विकाराचा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, म्हणून जेवणाआधी मुलांचे हात साबणानेच धुवावेत. आजी-आजोबा एकटेच नातवंडांना नेणार असतील, तर आईवडिलांचे संमतिपत्र सोबत ठेवावे. दिवसभर सगळ्यांनी एकत्र फिरण्याचा आग्रह आम्ही धरला नाही. रात्रीचे जेवण मात्र ठरलेल्या वेळी एकाच मोठ्या टेबलावर घेतले, आणि दिवसभरात कोणी काय पाहिले याच्या गोष्टी तिथेच रंगल्या.

प्रवासाबद्दल मी समाधानी आहे, कंपनीबद्दल नाही. दीर-जावांनी स्वस्त केबिन घेतली, तिच्या भाड्यातला फरक परत देण्याचे कंपनीने फोनवर कबूल केले होते. प्रत्यक्षात तो जहाजावरच्या खात्यात जमा रक्कम म्हणून दिला. ही रक्कम जहाजावरच खर्चावी लागते आणि शेवटच्या रात्री उरलेली बुडते, त्यामुळे जाऊबाईंना नको असलेल्या वस्तू घ्याव्या लागल्या. लेखी तक्रारीला कंपनीने पुढच्या प्रवासात सवलत देऊ केली आहे, तीही मुदतीची. आम्ही ती नाकारून रोख परतावा मागितला आहे आणि ईमेल, तारखा आणि जुने-नवे केबिन क्रमांक एकत्र करून पाठवले आहेत. उत्तर अजून यायचे आहे. पुढचे बुकिंग दुसऱ्या कंपनीकडे केले असून, या वेळी ‘अपग्रेड नको’ ही नोंद पैसे भरण्याआधी पावतीवर छापून घेतली आहे.