मायक्रोटिकचा हेक्स राउटर: फायली चढत असतानाही फोन नीट ऐकू येतो

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात सहा टेबलफोन, सगळे इंटरनेटवरचे. डिझाइनवाला जकार्डच्या (विणीतच नक्षी उठवणाऱ्या मागाच्या) फायली आणि नमुन्यांचे फोटो चढवायला बसला की फोनवर गिऱ्हाइकाला आमचे निम्मेच शब्द जायचे. एकदा ‘साडेचारशे जीएसएम’मधलं (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे टॉवेलचं वजन, ग्रॅममध्ये) ‘साडे’ मध्येच गळालं. तिकडे चारशे लिहून घेतलं, आणि पुढचा सगळा घोळ आम्ही निस्तरला.

इंटरनेटवाल्यांचं उत्तर ठरलेलं: मोठा प्लॅन घ्या. घेतला. डाउनलोड दुप्पट झालं, अपलोड होतं तेवढंच. फोनही तसाच.

मग पूर्व भागातला एक नेटवर्किंगवाला पोरगा आला. आल्या आल्या त्याने काही विकायला काढलं नाही, हे मला आवडलं. लॅपटॉपवर पिंग (निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो त्याचं माप) चालू ठेवून डिझाइनवाल्याला म्हणाला, चढवा फायली. 15 मिलिसेकंदांचा आकडा बघता बघता 400 च्या वर. ‘अण्णा, लाइन कमी नाही की ओ, रांग लांब आहे.’ मग कागदावर हिशेब मांडला. जी.711 या पद्धतीने आवाज पाठवणाऱ्या एका कॉलला एका दिशेने साधारण 87 केबीपीएस लागतात. सहाही फोन एकदम चालले तरी अर्ध्या एमबीपीएसच्या जरासं वर. आमचं अपलोड 20 एमबीपीएस. म्हणजे जागा भरपूर होती. पण आवाजाची चिमुकली पॅकेट, म्हणजे आवाजाचे बारके तुकडे, सेकंदाला 50 या हिशेबाने निघतात, आणि ती फायलींच्या गठ्ठ्यामागे ताटकळत होती. आमच्या गेटात गाठींचा टेम्पो आडवा लागला की चहावाल्याची सायकल मागे अडकते, तसंच.

त्यावर त्याने बसवलेला हेक्स म्हणजे पाच गिगाबिट पोर्टांची तळहाताएवढी डबी. पोराने त्यात अपलोडची मर्यादा मुद्दाम 18 वर बांधली. माझा जीव तुटला, पैसे 20 चे भरतो ना! पण त्याचं म्हणणं पटलं: रांग लागायचीच तर ती आपल्या डबीत लागू दे, पुरवठादाराच्या यंत्रात लागली तर तिथे आपलं कोण ऐकणार? आपल्या रांगेत फोनची पॅकेट सगळ्यात पुढे काढता येतात. फोन स्वतःच पॅकेटवर 46 हा डीएससीपी आकडा (‘मला आधी सोडा’ असं सांगणारा शिक्का) घालतात. त्याने मात्र सहा फोनचे पत्तेही नियमात घातले. 46 चा शिक्का कुठलाही कॉम्प्युटर मारू शकतो म्हणे.

पहिल्या दिवशी काहीच फरक पडला नाही, आणि माझं तोंड सुटलं. नंतर कळलं की या राउटरच्या तयार सेटिंगमध्ये फास्टट्रॅक नावाचा जवळचा रस्ता चालू असतो, आणि त्यातून जाणारी पॅकेट रांगेच्या नियमांना बगल देतात. ते बंद केलं, जुन्या मोडेममधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट फोनच्या पॅकेटमध्ये फेरफार करणारी सोय) हेही बंद केलं, आणि भर अपलोडमध्ये पिंग 25 ला थांबला.

तक्रारी आहेत. विनबॉक्सचा, म्हणजे या राउटरच्या सेटिंगच्या प्रोग्रॅमचा, पडदा उघडला की जमाखर्चाच्या वहीत कोणीतरी ग्रीक लिहिलंय असं वाटतं. स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. वायफाय नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. आणि ही शिस्त आपल्या दारापर्यंतच. बाहेरच्या इंटरनेटवर त्या 46 ला सहसा कोणी विचारत नाही, त्यामुळे तिकडून येणारा आवाज कधीमधी अजून अडखळतो. डाउनलोडलाही मर्यादा लावलीय, त्याने थोडा फरक पडतो, पण पॅकेट आपल्या लाइनवरून येऊन गेल्यावर त्यांची रांग लावून किती उपयोग होणार?

पाचपैकी चार तारे डबीला, पोराला पाच. तुम्ही कोणाकडून बसवून घेतलंत तर बिल द्यायच्या आधी मोठी फाइल चढवायला लावा, आणि ती चढत असताना शेजारच्या फोनवरून ‘साडेचारशे’ म्हणून बघा.