रक्ताच्या कर्करोगात व्हिटॅमिन डी: ऊन, इंजेक्शन, सॅशे की रोजची गोळी?

इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे, त्यामुळे येथे उन्हाचा तुटवडा नाही, साहजिकच रक्ताचा कर्करोग झालेल्या माणसाला घरचे सांगतात, "गच्चीवर उन्हात बसत जा." सल्ला मायेचा असला, तरी दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण झालेल्याला तो बाधू शकतो, कारण उन्हाने त्वचेतील ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट विकार (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला) उफाळून येऊ शकतो. मेथोट्रेक्सेट (कर्करोगावरील औषध) किंवा व्होरिकोनाझोल (बुरशीविरोधी औषध) चालू असतानाही कडक ऊन टाळावे लागते.

सहा लाख युनिटांचे इंजेक्शन मी प्रथमच बाजूला ठेवेन. ते स्नायूत द्यायचे असते, प्लेटलेट कमी असल्यास तेथे रक्त साकळू शकते, आणि एकदा दिलेला डोस परत काढता येत नाही.

खरी निवड उरते ती साठ हजार युनिटांचा साप्ताहिक सॅशे आणि एक ते दोन हजार युनिटांची रोजची गोळी यांत. रक्तातील पातळी मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर आठ आठवडे सॅशे घेऊन ती लवकर भरून निघते. मात्र अनेक घरांत नववा, दहावा सॅशेही सवयीने पोटात जातो. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, म्हणून त्याने वाढलेले कॅल्शियम उतरायला कित्येक आठवडे लागू शकतात. मायलोमात (अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात) हाडे झिजून कॅल्शियम आधीच चढलेले व मूत्रपिंड दुखावलेले असू शकते, तर काही लिम्फोमांत (लसिकाग्रंथींच्या कर्करोगांत) गाठीतील पेशीच या जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करतात व त्यानेही कॅल्शियम चढते. उलट, मायलोमाच्याच रुग्णाला झोलेड्रोनिक ॲसिड (हाडांची झीज रोखणारे औषध) द्यायचे असेल, तर आधी कमतरता भरून काढावी लागते, नाहीतर कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

गोळीचा परिणाम सावकाश होतो, पण स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होत असताना तीच दीर्घकाळ पेलते. कर्करोगावरील औषध म्हणून मात्र तिच्याकडे पाहू नये. अमेरिकेतील 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ जणांचा समावेश होता. तेथे रोजच्या २,००० युनिटांनी नव्या कर्करोगांचे प्रमाण घटले नाही. लिम्फोमात कमी पातळीचे रुग्ण उपचारांत मागे पडतात हे खरे, पण जो खंगला आहे, जेवत नाही, घराबाहेर पडत नाही, त्याची पातळी आजारानेही उतरते.

माझे मत असे: कॅल्शियम व क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) ठीक असताना पातळी २० च्या खाली असेल, तर डॉक्टरांकडून शेवटच्या सॅशेची तारीख लिहून घ्यावी आणि नंतर गोळीवर यावे; २० ते ३० मध्ये थेट गोळी पुरे. कॅल्शियम चढलेले असल्यास रक्तविकारतज्ज्ञ सांगेपर्यंत काहीच घेऊ नये. त्यांना भेटताना कॅल्शियमच्या गोळ्यांची स्ट्रिपही न्यावी, कारण तीत बहुधा डी३ (व्हिटॅमिन डीचेच एक रूप) असतेच आणि ते हिशेबातून सुटते.