‘बेन-हर’ आणि ‘द टेन कमांडमेंट्स’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांत या दोन जुन्या हॉलिवूड चित्रपटांच्या डिस्क बऱ्याचदा फिरल्या. ‘बेन-हर’ (१९५९) आजही खणखणीत आहे, ‘द टेन कमांडमेंट्स’ (१९५६) अर्धामुर्धा.

‘बेन-हर’ची चौकट २.७६:१, म्हणजे रुंदी उंचीच्या पावणेतीनपट, फारच आडवी. ५५ इंची टीव्हीची उंची साधारण ६८ सेंमी, त्यातली जेमतेम ४४ चित्राला मिळते. काळे पट्टे दिसले की लोक झूम करतात आणि शर्यतीतला कडेचा रथ चौकटीबाहेर जातो. त्यापेक्षा खुर्ची पुढे ओढा, पावणेदोन मीटरपर्यंत. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सेटिंग) बंद करा, नाहीतर रोमन सैनिक दुपारच्या मालिकेतले वाटतात. नॉइज रिडक्शनही बंद. फिल्मचा दाणा (चित्रातला बारीक खरखरीतपणा) पुसला की चेहरे मेणाचे होतात. आरंभी मायकेलअँजेलोच्या चित्रावर काही मिनिटं नुसतं संगीत वाजतं. डिस्क अडकलेली नसते.

रथांची शर्यत सुमारे नऊ मिनिटांची. मैदान रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत प्रत्यक्ष उभारलेलं, घोडे खरे, आणि दौड सुरू झाल्यावर पार्श्वसंगीत अजिबात नाही. फक्त टापा, चाकं, गर्दी. हे जुनं कसं होणार? समुद्री लढाई मात्र उघडी पडते. टाकीतली जहाजं लहान करता आली, पाण्याचे थेंब नाही, त्यामुळे लाटा बोजड दिसतात. ब्रिटिश नटाला काळवंडून बनवलेला अरब शेखही आज खटकतो, त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं असलं तरी.

‘द टेन कमांडमेंट्स’ व्हिस्टाव्हिजनवर आहे: फिल्म आडवी सरकते, निगेटिव्ह मोठी, चित्र लख्ख. तेच अंगाशी येतं. ४के डिस्कवर निळ्या पडद्यासमोरून उचलून चिकटवलेल्या माणसांभोवती कडा दिसते. तांबडा समुद्र दुभंगतो तो प्रसंग तरीही तगतो, कारण पाणी खरं आहे: टाकीत ओतलेलं आणि उलटं चालवलेलं. इजिप्तमध्ये हजारोंच्या गर्दीत चित्रित केलेलं निर्गमनही, म्हणजे गुलामीतून सुटलेल्या ज्यूंचं देश सोडून जाणं, तसंच. मधल्या राजवाड्यातले पल्लेदार संवाद पौराणिक नाटकांची सवय असलेल्यांनाच पचतील. युल ब्रायनरचा रामसेस (इजिप्तचा राजा) तेवढा ते पेलतो.

दोन्हींची लांबी साडेतीन तासांच्या वर. मध्यंतरालाच थांबा, ‘बेन-हर’ची शर्यत मध्यंतरानंतर येते, ती दुसऱ्या संध्याकाळी ताज्या डोळ्यांनी पाहता येते.