परिसंघाचा करार आणि १७८७ ची राज्यघटना

१७८१ मध्ये अमलात आलेल्या परिसंघाच्या कराराने अमेरिकेतील तेरा राज्ये एकत्र बांधली खरी, पण काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, कर बसवण्याचा अधिकारच दिला नाही. ब्रिटनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज फेडण्यासाठी आयात मालावर पाच टक्के जकात लावण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा करारातील दुरुस्तीला प्रत्येक राज्याची संमती आवश्यक असल्यामुळे १७८२ मध्ये चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नकार देताच तो अडकून पडला. फिलाडेल्फियात तयार झालेल्या राज्यघटनेने करांचा अधिकार दिला, राष्ट्राध्यक्ष व सर्वोच्च न्यायालय निर्माण केले आणि दुरुस्तीला तीन-चतुर्थांश राज्यांची मान्यता पुरेशी ठरवली. माझ्या मते ही शेवटची तरतूदच सर्वांत मोलाची होती. करारातील राज्यांची समानता मात्र सिनेटमधील (नव्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील) प्रत्येकी दोन जागांच्या रूपाने टिकून राहिली.