मुरुमांच्या खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग की सीओटू लेझर?

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी विचाराल, तर माझं मत आधी मायक्रोनीडलिंगला. भूल देणारं क्रीम लावून पाऊण तास बसायचं, मग साधारण १.५ मिलिमीटरच्या बारीक सुया चेहऱ्यावर फिरवतात. रक्ताचे टिपूस दिसतात, त्याने घाबरू नका. या जखमा भरतानाच त्वचा नवं कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार करते. लाली दोनेक दिवसांत उतरते, ऑफिस फारसं बुडत नाही. मात्र महिना-दीड महिन्याच्या अंतराने ३ ते ६ वेळा जावं लागतं आणि फरक हळूहळूच दिसतो.

फ्रॅक्शनल सीओटू लेझर जास्त जोरकस. त्याचा १०,६०० नॅनोमीटरचा किरण त्वचेतलं पाणी तापवून सूक्ष्म भोकं पाडतो. ठसठशीत कडांचे पसरट खड्डे यात चांगले भरतात, बैठकाही बहुधा कमी. पण आठवडाभर लाली आणि बारीक तपकिरी खपल्या. खरी भीती काळ्या डागांची: आपल्या त्वचेवर ते उठले की महिनोन्‌महिने हटत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात तर हे नकोच.

सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांना दोन्ही पुरत नाहीत; तिथे टीसीए क्रॉस, म्हणजे खड्ड्याच्या आत तीव्र आम्ल टेकवण्याची पद्धत, लागते. म्हणून चेहरा नीट न तपासता सरसकट एकच पॅकेज गळ्यात मारणाऱ्यांकडे पैसे भरू नका. नवे मुरूम येत असतील, तर आधी ते आटोक्यात आणा. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबवल्या असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना आधीच सांगा.